जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा-सात वर्षं वापरलेला लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं घेऊ लागला, की घरात सगळे एकच सांगतात: आता नवीनच घेऊन टाक. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. नेमकं काय अडतंय ते आधी शोधलं आणि तेवढ्याच भागावर पैसे घातले, तर तोच लॅपटॉप आणखी चार-पाच वर्षं मनासारखं काम देतो. विद्यार्थी, शिक्षक, डीटीपीवाले, दुकानदार यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नेमकं उदाहरण लागेल तिथे लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० घेतला आहे. २०१८ साली आलेलं हे मॉडेल कंपन्यांच्या ऑफिसांतून निघून आज जुन्या बाजारात भरपूर मिळतं, आणि ते उघडून सुधारायला फार सोयीचं आहे.

लॅपटॉप स्लो झाला म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला का?

नाही. प्रोसेसर वयाने मंदावत नाही. घेतला त्या दिवशी जेवढं काम करायचा तेवढंच आजही करतो, फक्त तो तापत नाही ना एवढं पाहायचं. बदललं आहे ते भोवतालचं सगळं. वेबसाइट जड झाल्या, विंडोज पाठीमागे सतत काहीतरी करत असते, आणि हा सगळा भार बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये एका फिरत्या हार्ड डिस्कवर पडतो.

त्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. हवी ती माहिती वाचायच्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी ते टोक योग्य पट्ट्यावर न्यायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या लहान लहान फायली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला साधारण साठ. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली वाचते. एसएसडीत (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तिथे हाच आकडा हजारोंत जातो. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्यावर लॅपटॉप "नवा झाला" असं लोक म्हणतात, ते यामुळे.

माझ्या लॅपटॉपमध्ये काय अडतंय ते कसं ओळखू?

पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटं याला द्याच. तुम्ही रोज करता तेच काम सुरू करा: ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, एक एक्सेलची फाइल, व्हॉट्सअॅप वेब. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचा भाग पाहा.

डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली असेल तर एसएसडी हवी. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, कमी पडते आहे. दोन्ही एकदम दिसलं तर बऱ्याचदा मूळ दुखणं रॅमचं असतं, कारण रॅम भरली की विंडोज तोच पसारा डिस्कवर टाकायला लागते. प्रोसेसर सतत शंभर टक्के दिसत असेल तर कुठला प्रोग्रॅम खातो आहे ते पाहा. अनेकदा दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालत असतात. आणि सुरुवातीला सगळं सुरळीत, पण अर्ध्या तासाने मंदावतो, असं असेल तर तो तापतो आहे. त्यावर नवा भाग घेऊन उपयोग नाही, आतली सफाई हवी.

याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवून हार्ड डिस्कची तब्येत बघून घ्या. तिथे पिवळा "कॉशन" दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रांची कॉपी दुसरीकडे काढा.

रॅम आधी की एसएसडी आधी?

हार्ड डिस्क असेल तर एसएसडी आधी. एसएसडी आधीपासून असेल आणि रॅम ४ जीबी असेल तर रॅम आधी. दोन्हींचे पैसे एकदम उभे राहत असतील तर एकाच वेळी करा, म्हणजे लॅपटॉप एकदाच उघडावा लागेल.

माझ्या लॅपटॉपला कोणती एसएसडी बसते?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून सावकाश वाचा.

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क असते. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी थेट बसते, जोडणीही तीच. ही सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते आणि रोजच्या कामाला तेवढी पुरून उरते.

साधारण २०१५ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर एम.२ नावाचा लांबट खण असतो. यात च्युइंगगमच्या कांडीसारखी दिसणारी पट्टी बसते. गोंधळ असा की दिसायला सारख्याच असणाऱ्या या पट्ट्या दोन जातींच्या असतात. एक साटा, तिचा वेग अडीच इंचीएवढाच. दुसरी एनव्हीएमई, जी जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीवरही सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत पोचते. काही खण फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. पट्टीला किती खाचा आहेत यावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. खात्री फक्त कंपनीच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये मिळते. मॉडेल नंबर टाकून ते शोधा आणि स्टोरेजचं पान वाचा.

लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ ही अर्ध्या लांबीची. टी४८० मध्ये मुख्य डिस्कची जागा वेगळी असतेच, शिवाय सिमकार्डाच्या मोडेमसाठी ठेवलेल्या खणात २२४२ लांबीची एनव्हीएमई बसते, फक्त ती दोन खाचांची हवी. एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स असं ठेवायचं असेल त्यांना हे फार कामाचं आहे.

डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप असेल तर आणखी एक सोय आहे. ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, लावायची आणि जुनी हार्ड डिस्क तिथे बसवायची. कॅडी घेण्याआधी ड्राइव्हची जाडी मोजा, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशी दोन मापं चालतात आणि एकाची दुसऱ्यात बसत नाही.

एसएसडी लवकर "संपते" असं ऐकलं, खरं का?

लिहिण्याची मर्यादा असते हे खरं. पण आकडे बघा. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबी मॉडेलवर ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, आणि घरगुती वापरात एवढं होत नाही, तरी ही मर्यादा गाठायला चाळीस वर्षं लागतील. त्याआधी लॅपटॉपचं बाकी सगळं गेलेलं असेल.

भीती बाळगायची ती नकली मालाची. नाव न ऐकलेल्या ब्रँडची दोन टीबीची एसएसडी कवडीमोल भावात दिसली तर घेऊ नका. अशा काहींमध्ये आत लहानशी चिप असते आणि ती संगणकाला खोटी क्षमता सांगते. क्षमता भरली की पुढचे फोटो लिहिल्यासारखे दिसतात, पण उघडत नाहीत. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्क लिहून-वाचून तपासा आणि परत करायची मुदत संपायच्या आत तपासा.

आणि एक: हार्ड डिस्क जाताना बहुतेकदा कुरकुरते, अडखळते, इशारा देते. एसएसडी अनेकदा काही न सांगता एका क्षणात जाते. म्हणून बॅकअप हवाच.

रॅम घेताना काय बघायचं?

पिढी, व्होल्टेज आणि रिकामा खण. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या खणात दुसरी बसत नाही. जबरदस्ती करू नका. डीडीआर३ मध्ये मात्र दोन प्रकार आहेत जे एकाच खणात बसतात: साधी १.५ व्होल्टची आणि डीडीआर३एल ही १.३५ व्होल्टची. चौथ्या पिढीच्या इंटेलपासून पुढच्या लॅपटॉपना "एल"वालीच लागते. साधी लावली तर स्क्रीन काळीच राहते आणि माणूस समजतो की मदरबोर्ड गेला.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे वाढवायला वाव नाही, किंवा एक पक्की आणि एक खण असा अर्धा वाव असतो. टी४८० ला दोन खण आहेत. त्याचाच पातळ भाऊ टी४८०एस, त्याला एकच. नावातल्या एका अक्षराने एवढा फरक पडतो, म्हणून जुना घेतानाही पूर्ण मॉडेल नंबर वाचा.

एकच १६ जीबीची पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्या. प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो, आणि ज्या लॅपटॉपना वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना याचा चांगला फायदा होतो. आज ८ जीबीवर काम भागतं, १६ वर निवांत होतं. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळलं. म्हणून वापरलेली, पण तपासून दिलेली रॅम घ्यायला माझी हरकत नाही. रॅम सहसा झिजत नाही. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून एकही चूक आली नाही तर खुशाल वापरा.

जुनी विंडोज तशीच नव्या एसएसडीवर नेता येते का? लायसन्स परत घ्यावं लागेल का?

लायसन्स परत लागत नाही. विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाका, इंटरनेट जोडलं की ती आपोआप चालू होते. किल्लीचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

क्लोनिंग करून सगळं जसंच्या तसं नेता येतं. जमत असेल तर नव्याने टाका असंच मी सांगेन, वर्षानुवर्षांचा कचरा सोबत नेण्यात अर्थ नाही. कुठल्याही मार्गाने जा, आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ती ४८ अंकी की नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही.

मी घरी उघडला तर बिघडणार नाही ना?

घाई केली नाही तर नाही. टी४८० वर रॅम बदलण्याचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

चार्जर काढायचा. चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, जायचं आणि पॉवरच्या पानावर आतली बॅटरी बंद करायचा पर्याय निवडायचा. लॅपटॉप लगेच बंद होतो आणि चार्जर परत लावेपर्यंत चालू होत नाही. हे माहीत नसलेले लोक इथेच घाबरतात. मग उलटा करून मागची बॅटरी दोन खटके सरकवून काढायची. खालच्या झाकणाचे स्क्रू सैल करायचे. ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. कडेने गिटारची पिक किंवा जुनं एटीएम कार्ड सरकवत एकेक खटका सोडवायचा. "टक" असा आवाज येतो, तो तुटल्याचा नसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून उचकटू नका, त्याने मात्र प्लास्टिक तुटतं.

झाकण निघालं की आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा, अंगातली स्थिर वीज जाते. जुन्या पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की ती तिरकी वर येते. नवी तशीच तिरकी, खाच जुळवून, पूर्ण आत सरकवायची, म्हणजे सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होते. मग खाली दाबायची, दोन्ही चिमटे आपोआप बसतात. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन अर्धा-एक मिनिट काळी राहू शकते. लॅपटॉप नवी रॅम ओळखत असतो. थांबा.

इतर लॅपटॉपमध्ये स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो कागदात टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो वरच्या कीबोर्डमधून बाहेर येतो किंवा मदरबोर्डला टेकतो.

बॅटरी टिकत नाही. बदलू का?

आधी मोजा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. आत्ताचा आकडा मूळच्या निम्म्याखाली असेल तर बदला. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांत अशक्त होऊ लागते, त्यात तुमची काही चूक नसते.

बाजारात कंपनीची आणि "कंपॅटिबल" अशा दोन तऱ्हा मिळतात. कंपॅटिबलमध्ये चांगल्याही असतात, पण वॉरंटीचं बिल देणाऱ्याकडूनच घ्या आणि बॅटरीवर छापलेली उत्पादनाची तारीख वाचा. चार वर्षं गोदामात पडलेली "नवीन" बॅटरी नवीन नसते. टी४८० ला आत २४ वॉट-अवरची एक आणि मागे काढता येणारी एक अशा दोन बॅटऱ्या आहेत. मागची २४, ४८ किंवा ७२ वॉट-अवरची मिळते आणि लॅपटॉप चालू असताना बदलता येते. भारनियमनाच्या गावात ७२ वॉट-अवरची लावून बघा, दिवस निघतो.

नवी लावल्यावर चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवा. लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असतो त्यांनी तर नक्कीच. लेनोव्होत व्हँटेज प्रोग्रॅममधून, इतर अनेकांत बायोसमधून ही सोय मिळते.

टचपॅड वर उचललं गेलंय, खालचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय: बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी वापर थांबवा. टोचू नका, दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका.

लॅपटॉप फार तापतो आणि पंखा ओरडतो. काय करावं?

विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे थोडं तापणारच. पण पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ काढली की आश्चर्य वाटेल एवढा फरक पडतो. पंखा काढून त्याच्या आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या मधला थर बघा, वाकळीसारखा सलग निघतो. साफ करताना पात्याला बोट लावून पंखा धरून ठेवा, हवेच्या झोतावर तो मोकाट फिरू देऊ नका.

चार-पाच वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळते. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी थोडीशीच लावा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणं मात्र थांबवा, खालची जाळी बंद होते आणि वरचं सगळं केलेलं पाण्यात जातं.

स्क्रीन बदलून चांगली लावता येते का?

हो, आणि डोळ्यांसाठी हा खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये १३६६ बाय ७६८ ची फिकट टीएन स्क्रीन असते, जराशी कलली की रंग उलटे. तिच्या जागी १९२० बाय १०८० ची आयपीएस लावली की मराठीतली बारीक अक्षरं, रफार, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. डीटीपी करणाऱ्यांना हा फरक पहिल्या पानावर कळतो.

तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आकार, जोडणीच्या पिना आणि स्क्रू लावायच्या पट्ट्या. पिना ३० आहेत की ४० हे जुन्या स्क्रीनच्या मागच्या लेबलवरून, तिथल्या पॅनेल नंबरने शोधा. कधी कधी केबलही बदलावी लागते. २०१२-१३ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये जोडणीच वेगळी असते, तिथे हा नाद करू नका.

बिजागरी तुटली आहे, झाकण उघडताना कडकड आवाज येतो.

हे लगेच थांबवा, कारण इथून स्क्रीनची केबल आणि मग स्क्रीन जाते. बहुतेक वेळा लोखंडी बिजागरी चांगली असते. ती घट्ट झालेली असते आणि ज्या प्लास्टिकमध्ये तिच्या पितळी चकत्या बसवलेल्या असतात ते फाटतं. कारागीर एपॉक्सीने चकत्या परत बसवतात, ते टिकतं, पण त्याच वेळी बिजागरीचा नट थोडा सैल करून घ्यायला सांगा. नाहीतर पुन्हा तिथेच फाटेल. झाकण नेहमी मध्यभागी धरून उघडावं, एका कोपऱ्याला धरून नाही.

प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड बदलता येईल का?

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नाही, दोन्ही सोल्डर केलेले असतात. २०१२ चा थिंकपॅड टी४३० किंवा त्यानंतरचा टी४४०पी अशा काहींमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो आणि दोन कोअरच्या जागी चार कोअरचा लावता येतो. तुमच्याकडे असा असेल तर जरूर करा.

विंडोज १० बंद झाली. आता हा लॅपटॉप निकामी का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत पाठिंबा संपला. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घेण्याची सोय दिली आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नोंदणी होते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन ३००० वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. टी४८० इथे नेमका वाचतो, त्यात बहुतेक वेळा आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो. त्याच्याच आधीचा टी४७० बाद. अट वगळून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा लॅपटॉपला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार करायच्या लॅपटॉपवर मी ते करणार नाही. तिथे लिनक्स.

लिनक्सवर मराठी नीट चालतं का? माझी सगळी कामं होतील का?

युनिकोड मराठी उत्तम चालतं. लिनक्स मिंट टाका, सेटिंग्जमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडा, नोटो देवनागरी फॉन्ट घ्या. लिब्रेऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत मिळतात. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ४ जीबी रॅमवर तो विंडोजपेक्षा कितीतरी मोकळा चालतो. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून तसाच चालवून बघता येतो, डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, स्लीपमधून परत चालू होणं हे चार तपासा.

अडचणी कुठे येतात तेही सांगतो. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली असतील तर ती कामं विंडोजवरची आहेत. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण पानाची मांडणी परत करावी लागते. टॅली विंडोजसाठी आहे. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. आणि गावोगावच्या दुकानांत, शाळांत दिसणारा तो कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर सहजासहजी चालत नाही. कामाचा लॅपटॉप असेल तर दोन्ही ठेवा, एसएसडीचे दोन भाग करून.

वायफाय स्लो आहे, कार्ड बदलू का?

लॅपटॉप फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडत असेल तर बदला. वायफाय कार्डासाठी एम.२ खण असलेल्या लॅपटॉपला इंटेलचं एएक्स२१० चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच असतात, पण ते ठरावीक इंटेल प्रोसेसरशिवाय चालत नाहीत. स्वस्त दिसले म्हणून घेऊ नका. एक्स२३० सारखे जुने थिंकपॅड आणि काही जुने एचपी अनोळखी कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत. तिथे यूएसबीचं वायफाय लावून मोकळे व्हा.

लॅपटॉप मनासारखा करायचा आहे, काय काय होऊ शकतं?

या प्रश्नाने मला नेहमी आनंद होतो. थिंकपॅडवाल्यांनी यात किती डोकं लढवलं आहे बघा. एक्स२३० चा नवा सपाट कीबोर्ड न आवडणारे त्यात त्याच्या आधीच्या एक्स२२० चा सात ओळींचा कीबोर्ड बसवतात. प्लास्टिकचे दोन-चार कंगोरे घासावे लागतात आणि काही बटणांसाठी फर्मवेअरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, बदल करावा लागतो. टी४४० ला टचपॅडवर वेगळी बटणं नव्हती, तर लोक टी४५० चं टचपॅड आणून लावतात. टी४८० वर लिबरबूट हे मुक्त फर्मवेअरही टाकता येतं. ते शेवटी, सगळं हातात बसल्यावर करा.

साधेही बदल आहेत. दिवा असलेला कीबोर्ड. झिजलेल्या अक्षरांवर देवनागरी इनस्क्रिप्टचे स्टिकर. घरातले आजी-आजोबा टायपिंग शिकत असतील तर हे पन्नास सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

सुटे भाग कुठून घ्यावेत?

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. तिथे जाताना जुना भाग सोबत न्या, तोंडी वर्णनावर घेऊ नका. मागच्या लेबलवरचा पार्ट नंबर, लेनोव्होत ज्याला एफआरयू म्हणतात तो, दाखवा. बिल घ्या आणि त्यावर भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुरुस्तीला लॅपटॉप टाकून येत असाल तर आतल्या रॅम आणि डिस्कच्या लेबलांचे फोटो दुकानदारासमोरच काढा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

कधी खर्च करू नये?

आत पाणी जाऊन मदरबोर्ड गंजला असेल. कोकणात पावसाळ्यातल्या दमटपणानेही असं होतं. रॅम ४ जीबी पक्की आणि डिस्कच्या जागी ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी चिप सोल्डर केलेली असेल, तर त्यात वाढवायला जागाच नाही. लिनक्स टाकून हलक्या कामाला वापरा. स्क्रीन, बॅटरी आणि बिजागरी तिन्ही एकदम गेली असतील तर आकडेमोड करा. माझा हिशोब असा: एकूण खर्च तेवढ्याच ताकदीच्या वापरलेल्या लॅपटॉपच्या निम्म्यावर गेला, तर तो वापरलेला लॅपटॉप घ्यावा.

मग वापरलेला घेताना काय तपासू?

बायोसमध्ये जाऊन बघा. पासवर्ड मागितला तर परत द्या, तो दुकानदारालाही सहजासहजी काढता येत नाही. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून मूळ मॉडेल आणि वर्ष पडताळा. बॅटरी रिपोर्ट तिथेच काढा, प्रत्येक बटण दाबा, प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घाला, पांढऱ्या पडद्यावर डाग शोधा. टी४८० घेतलात तर घरी आणल्याबरोबर थंडरबोल्टचं (टाइप-सी पोर्टमधल्या वेगवान जोडणीचं) फर्मवेअर अपडेट करा. जुन्या फर्मवेअरमुळे टाइप-सी पोर्ट कायमचा बिघडू शकतो आणि लेनोव्होने तशी सूचनाच काढली होती.

काढलेले जुने भाग काय करायचे?

चांगल्या हार्ड डिस्कला यूएसबीची केस लावा आणि महिन्याला एकदा बॅकअप घ्यायला ठेवा. जुनी रॅम विकली जाते. हार्ड डिस्क विकायची किंवा द्यायची असेल तर नुसतं डिलीट करू नका, पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून घ्या. तुमचं आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट त्यात असतात. बॅटरी भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नका, चिरडली गेली की पेट घेते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा केंद्रावर द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे, तेव्हा नवी घेताना त्याच दुकानात जुनी परत घेता का असं विचारा.